शॅल आणि विल : देण्याचा शब्द आणि इच्छेचा शब्द

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की इतिहासाच्या व्याख्यानात इंग्रजी व्याकरणाचा तास कुठून आला. शंका रास्त आहे. पण शब्दांनाही इतिहास असतो, आणि काही शब्दांच्या इतिहासात माणसांचे हक्क अडकलेले असतात. ‘शॅल’ आणि ‘विल’ ही अशीच जोडी आहे. शाळेत आपण सगळ्यांनी ती पाठ केली. ‘आय’ आणि ‘वुई’ला शॅल, बाकीच्यांना विल, निश्चय दाखवायचा असेल तर उलट. परीक्षेत रिकाम्या जागा भरल्या, गुण मिळाले, विषय संपला. पुढे आयुष्यात इंग्रजी बोलणारी माणसं भेटली, तर त्यातलं कुणीच हा नियम पाळताना दिसलं नाही. मग नियम आला कुठून? आणि बोलण्यातून जवळजवळ हद्दपार झालेलं ‘शॅल’ कायद्यात, करारात, निविदेच्या कागदात अजून ठाण मांडून का बसलं आहे? आज या दोन प्रश्नांच्या मागे आपण जाणार आहोत.

सुरुवात मुळापासून करू. हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत ‘शॅल’चं रूप होतं ‘शेआल’ असं काहीसं, आणि त्याचा अर्थ भविष्यकाळाशी संबंधित नव्हता. अर्थ होता ‘देणं लागणे’. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात एक कारभारी आपल्या धन्याच्या ऋणकोंना बोलावून, तुमच्याकडे किती बाकी आहे, असं विचारतो. दहाव्या शतकाच्या अखेरच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात त्या ‘बाकी’साठी हेच क्रियापद आलं आहे. जर्मनमध्ये याचा भाऊबंद आहे ‘शुल्ट’. तो आजही कर्ज आणि अपराध या दोन्ही अर्थांनी वापरतात. म्हणजे ‘शॅल’ हा मुळात उधारीच्या वहीतला शब्द.

‘विल’चं घराणं वेगळं. त्याचा मूळ अर्थ इच्छिणे, पसंत करणे. लॅटिनमधलं ‘इच्छिणे’ या अर्थाचं क्रियापद आणि संस्कृतातला ‘वृ’ हा निवडण्याचा धातू याच कुळातले मानले जातात. त्या ‘वृ’पासून आपल्याकडे वर, वरणे, स्वयंवर हे शब्द आले. तेव्हा विल आणि स्वयंवर हे लांबचे का होईना, नातेवाईक आहेत. आपल्याकडे ‘आजोबांनी विल करून ठेवलंय’ असं म्हणतात, तेव्हा हा जुना अर्थ जसाच्या तसा जिवंत असतो. मराठीत त्याला इच्छापत्र म्हणतात, ते अगदी बरोबर आहे.

एक शब्द देण्याचा, एक इच्छेचा. ही खूणगाठ बांधून ठेवू, कारण पुढची सगळी कथा याच दोन टोकांमध्ये फिरते.

देण्यावरून कर्तव्याकडे जाणं मराठी माणसाला परकं वाटू नये. आपलं ‘लागणे’ बघा. ‘मी तुमचे पाचशे रुपये देणं लागतो’ यात लागणे म्हणजे कर्ज. ‘मला उद्या जावं लागेल’ यात लागणे म्हणजे भाग पडणे. एकच क्रियापद पैशाच्या देण्यालाही चालतं आणि कर्तव्याच्या सक्तीलाही. इंग्रजांनी शॅलच्या बाबतीत अगदी हेच केलं. आधी ‘मी इतके पैसे लागतो’, मग ‘मला हे करावं लागतं’. गंमत म्हणजे कर्तव्याचा दुसरा इंग्रजी शब्द ‘ऑट’ हाही ‘ओ’ म्हणजे देणं असणे याच क्रियापदाचं जुनं भूतकाळी रूप. आणि ‘शुड’ तर शॅलचाच भूतकाळ. कर्तव्याची भाषा इतक्या वेळा कर्जाच्या भाषेतून यावी, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. कर्जाला दोन बाजू असतात, घेणारा आणि देणारा. कर्तव्यालाही त्या असाव्या लागतात. हे आपल्याला पुन्हा लागणार आहे.

आता भविष्यकाळाकडे येऊ. जुन्या इंग्रजीत भविष्यकाळाचं स्वतंत्र रूपच नव्हतं. ‘मी उद्या जातो’ असं आपण वर्तमानकाळ वापरून म्हणतो, तसंच ते म्हणत. भविष्याचं स्वतंत्र रूप हवंसं वाटू लागलं तेव्हा भाषेने घरातलीच दोन क्रियापदं कामाला लावली. जे करणं लागतो ते बहुधा पुढे होतं. जे करायची इच्छा आहे तेही बहुधा पुढे होतं. तेव्हा देण्याचा शब्द आणि इच्छेचा शब्द, दोघेही भविष्य सांगू लागले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस जॉन विक्लिफच्या अनुयायांनी बायबलचं इंग्रजी केलं, त्यात लॅटिन भविष्यकाळाला सर्रास ‘शॅल’ वापरलं आणि लॅटिनमध्ये जिथे खरोखर ‘इच्छिणे’ होतं तिथे ‘विल’ ठेवलं. शिकलेल्यांच्या लेखी शॅल हा ‘खरा’ भविष्यकाळ ठरला. बोलणारा सामान्य माणूस मात्र विलकडे झुकत होता.

व्याकरणाची एक खूणही इथेच पाहून घेऊ. इंग्रजीत ‘ही गोज’, ‘ही ईट्स’ असा तृतीयपुरुषी ‘स’ लागतो. मग ‘ही शॅल्स’ का नाही? कारण शॅलचा वर्तमानकाळ हा मुळात जुना भूतकाळ आहे. ‘मी कर्जात पडलो’, म्हणून ‘आता मी देणं लागतो’. भूतकाळाच्या रूपाला ‘स’ लागत नाही. ‘विल’लाही लागत नाही, पण कारण निराळं आहे. त्याचं रूप मूळचं इच्छार्थक, आपल्या विध्यर्थासारखं. दोन्ही सहायक क्रियापदं आज दिसायला सारखी, पण एकाच्या पोटात झालेला व्यवहार आहे आणि दुसऱ्याच्या पोटात मनातली इच्छा. विलला स्वतःचं नाम आहे, विशेषण आहे, ‘विलिंग’ आहे. शॅलला यातलं काहीच उरलं नाही. ते पूर्णपणे सहायक झालं.

आता शाळेतल्या नियमाकडे. तो घालून देणारा माणूस व्याकरणाचा धंदेवाईक पंडित नव्हता. जॉन वॉलिस हा ऑक्सफर्डचा भूमितीचा प्राध्यापक. अनंतासाठी आपण जो आडवा आठ काढतो, ते चिन्ह गणितात त्याने आणलं. इंग्लंडच्या यादवी युद्धात पार्लमेंटच्या बाजूने तो शत्रूच्या सांकेतिक पत्रांची उकल करी. १६५३ साली त्याने इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, तेही लॅटिनमध्ये. परक्यांना इंग्रजी शिकताना शॅल आणि विल यांचा घोळ होतो, म्हणून त्याने सूत्र दिलं. प्रथमपुरुषी शॅल नुसतं पुढचं सांगतं, विल वचन देतं किंवा धमकी देतं. द्वितीय आणि तृतीयपुरुषी उलट. विल नुसतं सांगतं, शॅल वचन देतं किंवा धमकावतं.

सूत्र वरवर चमत्कारिक वाटतं, पण मूळ अर्थ लक्षात ठेवले तर त्यात युक्तिवाद आहे. ‘मी करीन’ हे सांगताना मी विल वापरलं तर माझी इच्छाच त्यात ओततो, म्हणून ते वचन होतं. तुमच्याबद्दल बोलताना मी शॅल वापरलं तर तुमच्यावर किंवा माझ्यावर देणं टाकतो. बाप मुलाला म्हणाला, ‘यू शॅल हॅव अ वॉच’, तर घड्याळाचं देणं बापाच्या डोक्यावर. साहेब शिपायाला म्हणाला, ‘यू शॅल गो’, तर देणं शिपायाच्या डोक्यावर. आजही जिवंत असलेला एक प्रयोग हेच दाखवतो. ‘शॅल आय ओपन द विंडो?’ यात ऐकणाऱ्याची मर्जी विचारली जाते, मला हे करणं लागतं का, असं. ‘विल यू ओपन द विंडो?’ यात ऐकणाऱ्याची तयारी विचारली जाते. प्रश्नात इंग्रजी माणूस हा भेद अजून पाळतो.

मराठीत असा भेद नाही असं समजू नका. ‘मी येईन’ आणि ‘मी येणार’ यात फरक आहेच. लग्नाचं बोलावणं करायला आलेल्या माणसाला ‘येईन’ म्हटलं तर तो जेवणाचं ताट धरायचं की नाही याचा विचार करत जातो. ‘येणार म्हणजे येणार’ म्हटलं की निश्चिंत होतो. फक्त आपण हा भेद पुरुषावर टांगला नाही.

वॉलिसचा नियम परक्यांच्या सोयीसाठी होता. अठराव्या शतकात त्याचं काम बदललं. रॉबर्ट लाउथ, जो पुढे लंडनचा बिशप झाला, त्याने १७६२ साली व्याकरण लिहिलं. १७९५ साली लिंडली मरीचं व्याकरण आलं आणि इंग्लंड-अमेरिकेतल्या शाळाशाळांत पोचलं. मरी मूळचा अमेरिकन वकील, इंग्लंडात यॉर्कला स्थायिक झालेला. अशा पुस्तकांतून हा नियम देशातल्याच माणसांना पारखण्याची कसोटी बनला. लंडनच्या आसपासचा शिकलेला माणूस शॅल ‘बरोबर’ वापरतो. स्कॉटिश, आयरिश आणि अमेरिकन माणूस चुकतो, अशी समजूत रूढ झाली. तेव्हाचा एक विनोद सांगतात. पाण्यात पडलेला आयरिश माणूस ओरडतो, ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!’ काठावरचे सभ्य लोक नियमाप्रमाणे अर्थ लावतात, याला बुडायचंच आहे आणि कुणी वाचवू नये अशी आज्ञा आहे, आणि निघून जातात. विनोद आयरिश माणसाची टिंगल करण्यासाठी रचला होता. आज तो आपण वाचतो तेव्हा हसू काठावरच्या लोकांचं येतं.

१९०६ साली फाउलर बंधूंनी ‘द किंग्ज इंग्लिश’ या पुस्तकात या दोन शब्दांवर पानंच्या पानं खर्च केली. आणि सुरुवातीलाच जवळजवळ असं मान्य केलं की दक्षिण इंग्लंडच्या माणसाला हे जन्मजात जमतं. ज्याला तसं जमत नाही त्याला ते शिकवणं फार अवघड. शिकवता येत नाही असा नियम हा नियम कसला? ती गावकीची खूण झाली. आपल्याकडे शुद्ध बोलण्याच्या नावाखाली ‘न’ आणि ‘ण’वरून माणसांना जोखतात, तीच जात.

हाच नियम आपल्या शाळांत आला. ‘रेन अँड मार्टिन’चं व्याकरण आपल्यापैकी अनेकांनी हाताळलं असेल. त्यातले रेन म्हणजे पी. सी. रेन, मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात त्यांनी नोकरी केली, आणि ‘बो जेस्ट’ ही १९२४ची गाजलेली कादंबरीही त्यांचीच. आपल्या मुलांनी नियम इमानाने पाठ केला. इंग्रज स्वतः मात्र तो केव्हाच मोडत होते. १९२५ साली चार्ल्स फ्रीझ या अमेरिकन अभ्यासकाने सोळाव्या शतकापासूनची इंग्रजी आणि अमेरिकन नाटकं चाळून शॅल-विल मोजले. बोलण्याच्या जवळची भाषा नाटकात सापडते, म्हणून नाटकं. प्रथमपुरुषी साध्या भविष्यालाही विलच जास्त आढळलं. व्याकरणकारांचा नियम आणि लोकांचं बोलणं यांची गाठ पडलेली दिसली नाही.

याहून ठळक उदाहरण हवं तर जून १९४० मधलं चर्चिलचं भाषण घ्या. समुद्रकिनाऱ्यावर, शेतात, रस्त्यांत लढू, असं सांगताना त्याने पुन्हा पुन्हा ‘वुई शॅल’ म्हटलं. शाळेच्या नियमाने ते नुसतं भाकीत ठरतं. निश्चयाला ‘वुई विल’ हवं. त्या सभागृहात ते कुणालाही भाकीत वाटलं नाही. शॅलमधलं जुनं देणं तिथे जागं झालं होतं. अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या चळवळीतलं ‘वुई शॅल ओव्हरकम’ हे गाणंही आधी ‘विल’ होतं, गाता गाता ‘शॅल’ झालं.

आता कायद्याकडे वळू. रोजच्या बोलण्यात शॅल मागे पडत गेलं. ‘आय’ल’ असं तोंडातल्या तोंडात म्हटलं की शॅल आहे की विल हे ऐकूही येत नाही. पण कायद्याने ‘शॅल’ सोडलं नाही, कारण कायद्याला देण्याचा शब्द हवा होता. नियम, करार, तांत्रिक मानकं यांत एक उतरंड ठरली. ‘शॅल’ म्हणजे करावंच लागेल, ‘शुड’ म्हणजे करावं, ‘मे’ म्हणजे केलं तर चालेल. इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज लिहिणाऱ्यांनी १९९७ साली या शब्दांच्या व्याख्याच लिहून काढल्या, म्हणजे यंत्रं बनवणाऱ्यांत वाद नकोत.

यंत्रांचं ठीक आहे. माणसांचं काय होतं, ते पाहू. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात कॅसल रॉक नावाचं गाव आहे. १९९९ साली तिथल्या एका आईला न्यायालयाचा संरक्षण आदेश मिळाला होता. विभक्त झालेल्या नवऱ्याने घराजवळ यायचं नाही. आदेशाच्या मागे पोलिसांसाठी छापील सूचना होती, उल्लंघन झालं तर अटक करण्याची, आणि क्रियापद होतं ‘शॅल’. जूनमधल्या एका संध्याकाळी नवरा तीन मुलींना घेऊन गेला. आई रात्रभर पोलिसांना फोन करत राहिली, ठाण्यातही गेली. पहाटे तो माणूस ठाण्यावर गोळीबार करत आला आणि मारला गेला. गाडीत तिन्ही मुली मृत सापडल्या. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००५ साली सात विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला. न्यायालयाचा युक्तिवाद दोन पायऱ्यांचा होता. एक, पोलिसांना तारतम्य असतं, ते या ‘शॅल’ने संपत नाही. दोन, समजा सक्ती होती असं धरलं तरी ती वसूल करण्याचा व्यक्तिगत हक्क आईला मिळाला असं त्यातून निघत नाही.

दुसरी पायरी नीट पाहा. शॅल होतं, देणेकरीही होता, पण घेणेकरी कोण हे लिहिलेलं नव्हतं.

आपल्याकडेही हा प्रश्न लवकरच आला. संविधानाच्या अनुच्छेद ३२० मध्ये म्हटलं आहे की सरकारी नोकरावरच्या शिस्तभंगाच्या कारवाईत लोकसेवा आयोगाचा सल्ला घेतला जाईल. इंग्रजीत ‘शॅल बी कन्सल्टेड’. एका प्रकरणात तो नीट घेतला गेला नाही. मनबोधन लाल श्रीवास्तव यांच्या १९५७च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हे ‘शॅल’ बंधनकारक नाही, मार्गदर्शक आहे. कारणांमध्ये एक हे होतं की या तरतुदीने नोकराला स्वतःचा असा हक्क दिलेला नाही. तेव्हापासून आपले वकील ‘मँडेटरी’ की ‘डिरेक्टरी’ हा वाद घालत आले आहेत. शब्द एकच, तो सक्तीचा की सल्ल्याचा, हे आजूबाजूचं वाक्य ठरवतं.

आंतरराष्ट्रीय पातळीवर एका अक्षरसमूहाची किंमत किती, हे १२ डिसेंबर २०१५ रोजी पॅरिसमध्ये दिसलं. हवामान कराराच्या अंतिम मसुद्यात विकसित देशांनी उत्सर्जन कपातीत पुढाकार घेण्याबद्दल ‘शॅल’ आलं होतं. अमेरिकेने हरकत घेतली. बंधनकारक देणं पत्करलं तर करार सिनेटपुढे न्यावा लागेल, आणि तिथे तो मंजूर होण्याची आशा नव्हती. शेवटच्या बैठकीत सचिवालयाने छपाईच्या चुकांच्या यादीत ही दुरुस्तीही वाचून दाखवली, ‘शॅल’च्या जागी ‘शुड’. करार वाचला. देण्याचं क्रियापद स्वतःच्याच भूतकाळात गेलं.

आता आपल्या घरातला हिशेब. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं आणि निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली बडोदा संस्थानात ते सक्तीचं आणि मोफत केलं. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात केलं, आणि मुलं न पाठवणाऱ्या पालकांना दंड ठेवला. या दोन्ही ठिकाणी देणेकरी संस्थान स्वतः होतं. मधल्या काळात, १९११ साली, गोखल्यांनी केंद्रीय विधिमंडळात विधेयक मांडलं. ते किती सौम्य होतं बघा. सक्ती सगळीकडे नव्हतीच. ज्या भागात ठराविक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जातात, तिथल्या स्थानिक संस्थेने सरकारची परवानगी घेऊन सक्ती लागू करावी, असं वाटलं तर. म्हणजे सगळा मामला ‘मे’चा. तेवढंही १९१२ साली ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळलं गेलं.

१४ ऑगस्ट १९४७च्या रात्री नेहरूंनी भाषणाच्या पहिल्याच वाक्यांत ‘वुई शॅल’ म्हणून एक जुनी ‘प्लेज’ सोडवण्याची वेळ आल्याचं सांगितलं. प्लेज म्हणजे प्रतिज्ञा, आणि प्लेज म्हणजे गहाण ठेवलेली वस्तूही. शॅल तिथे आपल्या मूळ अर्थाच्या अगदी जवळ बसलं आहे.

पण संविधान लिहिताना हेच देणं कसं मांडलं गेलं? मसुद्यातल्या अनुच्छेद ३६ मध्ये दोन भाग होते. पहिला, प्रत्येक नागरिकाला मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्क आहे. दुसरा, राज्य दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न करील. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी लक्ष्मीकांत मैत्र यांनी दुरुस्ती सुचवली की पहिला भाग काढावा, कारण ही निदेशक तत्त्वं आहेत, न्यायालयात वसूल होणारी नाहीत, त्यांत हक्काची भाषा बसत नाही. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली. कायदेशीर दृष्ट्या दुरुस्ती सुसंगत होती; अनुच्छेद ३७ या सगळ्या प्रकरणाला न्यायालयाबाहेर ठेवतो. पण आपल्या आजच्या विषयाच्या नजरेने पाहिलं, तर त्या दिवशी वाक्यातून घेणेकरी वजा झाला. उरलं ते ‘शॅल एन्डेव्हर’. देणं होतं, पण ते शिक्षणाचं नव्हतं, प्रयत्नाचं होतं. तो अनुच्छेद ४५ झाला. दहा वर्षांची मुदत जानेवारी १९६० मध्ये संपली. शाळेबाहेरची मुलं कुणाच्या दारात जाऊन वसुली करणार?

१९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही उलटून गेलेली मुदत दाखवून दिली आणि चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं. २००२ साली शहाऐंशीवी घटनादुरुस्ती झाली आणि अनुच्छेद २१-क आला. त्यात ‘एन्डेव्हर’ गळालं. राज्य सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलांना शिक्षण ‘शॅल प्रोव्हाइड’. हा मूलभूत हक्कांच्या प्रकरणात बसलेला शॅल, म्हणून वसूल करता येणारा. कायदा २००९ साली झाला, अंमल १ एप्रिल २०१० पासून. फुल्यांच्या निवेदनापासून मोजलं तर सव्वाशेहून अधिक वर्षं लागली.

आणि जुना अनुच्छेद ४५? तो रद्द झाला नाही. तिथे आता सहा वर्षांखालच्या मुलांचं संगोपन आणि शिक्षण आहे, आणि क्रियापद तेच जुनं, ‘शॅल एन्डेव्हर’. बालवाडीच्या वयाचं मूल अजून प्रयत्नाच्या खात्यात आहे.

या सगळ्या घोळामुळे काही देशांनी शॅल टाकूनच दिलं. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६च्या संविधानात शॅलच्या जागी ‘मस्ट’ आहे. ऑस्ट्रेलियात आणि ब्रिटनमध्ये कायद्यांचे मसुदे लिहिणारे शॅल टाळतात. अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांची भाषा २००७ साली सुधारली, तेव्हा तिथूनही ते गेलं. सामान्य वाचकाला मस्ट लगेच कळतं, हा फायदा मोठा आहे. पण शब्द बदलून अर्धंच काम होतं. ‘मस्ट एन्डेव्हर’ लिहिलं तरी देणं प्रयत्नाचंच राहील.

आपल्यापुढे मराठीत आणखी एक अडचण आहे. आपल्या संविधानाच्या मराठी अनुवादात, कायद्यांच्या मराठी पाठात, शॅलचं रूप साध्या भविष्यकाळाचं असतं. ‘असेल’, ‘करील’, ‘केले जाणार नाही’. कायद्याच्या भाषेत ते रूढ आहे आणि अर्थ कर्तव्याचाच आहे. पण गावातल्या वाचकाला ‘राज्य करील’ हे वाक्य भविष्य सांगितल्यासारखं वाटतं. करील केव्हातरी! वॉलिसपुढच्या परदेशी विद्यार्थ्याला जो घोळ पडला होता, तोच साडेतीनशे वर्षांनी आपल्या ग्रामसभेत पडतो.

म्हणून सरकारी कागद, करार, जाहीरनामा, भाडेपत्र, काहीही हातात आलं आणि त्यात ‘करील’ किंवा ‘शॅल’ दिसलं, की आपण तीन गोष्टी शोधू. देणं कुणाच्या डोक्यावर आहे, म्हणजे वाक्याला कर्ता आहे की ‘केले जाईल’ असं निनावी आहे? देणं नक्की कशाचं आहे, वस्तूचं की प्रयत्नाचं? आणि ते मागायचा हक्क कुणाला आहे, कुठल्या दारात? तिन्हींची उत्तरं मिळाली तर तो खरा शॅल. एकही मिळालं नाही, तर ते विल आहे, कुणाची तरी इच्छा, आणि इच्छा बदलतात.

‘आपण समाजाचं देणं लागतो’ असं आपल्याकडे व्यासपीठांवर फार म्हटलं जातं. वाक्य चांगलं आहे. ते पुढच्या वेळी ऐकू तेव्हा वक्त्याला आदराने एवढंच विचारू, किती, आणि कधीपर्यंत?